तक्रार यमकात मांडली म्हणजे काम झाले का?

मागील अंकात आम्ही कळव्याला पारसिक डोंगराच्या उतारावरील वस्तीत राहणाऱ्या एका तरुण रॅपरची मुलाखत छापली होती. पहाटे तीनला येणारे आणि चारच्या आत जाणारे नळाचे पाणी, त्यासाठी जागणाऱ्या बायका आणि त्यामुळे सकाळच्या तासाला वर्गात पेंगणाऱ्या मुली, हा त्याच्या गाण्याचा विषय होता. आपले गाणे म्हणजे एक निवेदनच आहे, फक्त त्यावर आवक-शिक्का बसत नाही, असे तो म्हणाला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे सविस्तर आणि आणखी एकाला कंसात उत्तर देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : मी चौतीस वर्षे मराठी शिकवले. आपल्याकडे पोवाडा आहे, भारूड आहे, जलसा आहे. असे असताना अमेरिकेतून आणलेल्या या तालावर, अर्धवट हिंदीत आणि शिव्या पेरून सामाजिक न्यायाची भाषा बोलण्याची गरज काय? हे अनुकरण नव्हे काय?
— निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या प्रश्नाचे दोन भाग पडतात. त्यांपैकी दुसऱ्या भागाशी, म्हणजे शिव्यांविषयीच्या आक्षेपाशी, मी बराचसा सहमत आहे. पहिल्या भागाशी नाही.

तालावर बोलण्याची रॅप ही रीत ज्यातून आली, त्या हिप-हॉपचा जन्म 11 ऑगस्ट 1973 या दिवशी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, 1520 सेज्विक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत झाला, असे मानले जाते. जमैकातून आलेल्या कुटुंबातील एका मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने प्रवेशमूल्य लावून पार्टी ठेवली आणि तिचा भाऊ, जो पुढे डीजे कूल हर्क म्हणून ओळखला गेला, त्याने तबकड्या वाजवल्या. गाण्यातला केवळ वाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटूनपालटून लांबवत न्यायचा, ही त्याची युक्ती होती. त्या रात्री तेथे कोणी क्रांतीची घोषणा दिली नव्हती. परंतु ज्या भागात हे घडले, त्या भागाच्या मधोमध महामार्ग घालून वस्त्या उठवल्या गेल्या होत्या, आणि विम्याच्या पैशासाठी मालकांनी स्वतःच्या इमारती पेटवून देण्याचे प्रकार तेथे सत्तरच्या दशकात सर्रास घडत होते. मोडलेल्या शेजारात राहणाऱ्या मुलांनी त्या तालावर बोलायला सुरुवात केली. ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचे ‘द मेसेज’ हे गाणे आले ते 1982 मध्ये, आणि गरिबीचे रोजचे वर्णन हाच रॅपचा विषय होऊ शकतो, हे सर्वदूर पोहोचायला पार्टीनंतर अशी नऊ वर्षे जावी लागली.

आता आपल्याकडे पाहू. उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जाणारा अगिनदासाचा पोवाडा अफजलखानाच्या वधाचा आहे. पोवाडा मुळात पराक्रम सांगण्यासाठी होता. जोतीराव फुल्यांनी 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, तेव्हा त्यांनी त्याच साच्यातून शूद्रातिशूद्रांचा इतिहास सांगितला. सत्यशोधकांनी तमाशाच्या बाजातून जलसा घडवला, 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी तो आंबेडकरी विचारासाठी वापरला, आणि 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. प्रत्येक पिढीने हाताशी असलेला लोकप्रिय साचा घेतला आणि त्यात आपला मजकूर भरला. ज्या पेटीशिवाय, म्हणजे हार्मोनियमशिवाय, जलशाचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येत नाही, ती पेटीसुद्धा युरोपातून आलेली आहे, आणि तिला परकी म्हणून कोणी फडाबाहेर काढल्याचे माझ्या वाचनात नाही. शिवाय ही देवाणघेवाण आजची नाही. 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव 1966 मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे निघालेल्या, कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले होते. ज्या वेदनेवरून आपण नाव घेतले, तिचाच ताल घेतला तर तेवढ्याने अनुकरण होत नाही. (सत्यशोधक समाजाची स्थापना 24 सप्टेंबर 1873 ची आणि ब्राँक्समधील ती पार्टी 1973 ची. योगायोगाला अर्थ चिकटवण्याची मला हौस नाही, पण वर्गात तारखा पाठ करून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना ही जोडी आवडावी, म्हणून नोंदवतो.)

फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. शाहीर बहुधा दुसऱ्याची कथा सांगतो आणि त्याच्यामागे सूर धरणारे झीलकरी असतात. रॅपर ‘मी’ म्हणतो आणि पुष्कळदा एकटा असतो. ‘मी’ म्हणण्यात धैर्य आहे, तसा धोकाही आहे, कारण वस्तीचे दुःख सांगता सांगता गाणे कधी स्वतःच्या मोठेपणावर घसरते, ते गाणाऱ्यालाही कळत नाही.

शिव्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रागाच्या भाषेला मी सोवळे नेसवू इच्छित नाही. परंतु आपल्याकडच्या प्रचलित शिव्या ज्याला दिल्या जातात त्याला लागतच नाहीत, त्या त्याच्या आईबहिणीला लागतात. पहाटे तीनला नळावर उभ्या राहणाऱ्या बाईची बाजू मांडणाऱ्या गाण्यात त्याच बाईच्या देहावरून शिवी येत असेल, तर ते गाणे कोणाच्या बाजूचे आहे, असे त्या तरुणाला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. आपण तो अवश्य वापरावा, फक्त संपूर्ण गाणे ऐकून झाल्यावर.

प्रश्न : मी घणसोलीचा, घरी आगरी बोलतो. रॅप लिहितो. मित्र म्हणतात, हिंदीत लिहिलेस तरच चालेल, कारण आगरीत काही म्हटले की लोक हसतात. मला गावाच्या जमिनींवर लिहायचे आहे. कोणत्या भाषेत लिहू?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, घणसोली

उत्तर : आगरीत लिहा. मित्र सांगतात ती अडचण मात्र खरी आहे. विनोदी व्हिडिओंनी आणि नाटकांतल्या ठरावीक पात्रांनी आगरी बोली हसण्याची म्हणून ठरवून ठेवली आहे, त्यामुळे पहिल्या दोन ओळींना लोक हसतील. तिसऱ्या ओळीत सातबाऱ्याचा उतारा आला की हसू थांबेल, अशी रचना करणे हे तुमचे कौशल्य.

भाषेचा धाक बाळगू नये, याचे उदाहरण जवळच आहे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने 2019 मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. मेट्रोच्या कारशेडसाठी तुटू घातलेल्या मुंबईतल्या आरेच्या जंगलाचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी होता आणि आरेतीलच आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे. गटाने त्यांच्या वतीने बोलण्याऐवजी त्यांनाच गायला बसवले, ही त्या गाण्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. गाण्याच्या शीर्षकामागे जो इतिहास आहे, तो तर तुमच्या-माझ्या जिल्ह्याचा आहे. 1945 मध्ये उंबरगाव, तलासरी, डहाणू या भागांतील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा तो सारा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या लढ्याची हकीकत लिहिली आहे. गाणे लिहिण्यापूर्वी हे पुस्तक वाचा, कारण लढ्याचे वर्णन करताना आकडा, गावाचे नाव आणि माणसाचे बोलणे कोठे ठेवायचे, हे त्यात शिकायला मिळते.

तुमच्या विषयाला लागणारी हाडे मी थोडक्यात देतो, मांस तुम्ही गावातून आणा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना 17 मार्च 1970 ची. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ‘साडेबारा टक्के’ हे शब्द तुमच्या घरात किती वेळा उच्चारले गेले असतील, ते तुम्हालाच ठाऊक. त्या दोन शब्दांत आगरी माणसाच्या दोन पिढ्या आहेत आणि ते तालात बसतातही छान.

तंत्राची एक गोष्ट. मराठी वाक्य क्रियापदाने संपते, म्हणून नवा रॅपर प्रत्येक ओळ ‘आहे’, ‘नाही’, ‘होते’, ‘गेले’ यांवर आणून टेकवतो आणि चौथ्या ओळीपर्यंत ऐकणारा कंटाळतो. क्रियापद मध्ये ओढा, शेवटी नाम ठेवा, ‘खाडी’शी ‘वाडी’ जुळवण्याआधी तीन-चार अक्षरांची यमके शोधा. कहरवा तालाच्या आठ मात्रांवर हात बसलेला असेल, तर रॅपच्या चार-चारच्या ठेक्याची भीती वाटणार नाही. आणि गावात लग्नात धवला गाणारी म्हातारी धवलारीण अजून असेल, तर एक संध्याकाळ तिच्याजवळ बसा. श्वास कोठे घ्यायचा, हे तिला कोणत्याही स्टुडिओतल्या माणसापेक्षा जास्त कळते.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. रस्ते, कचरा, नेते यांच्यावर गाणी करून मोबाइलवर टाकतो. त्याचे वडील रिक्षा चालवतात. उद्या पोलिसांनी बोलावले तर आमच्यामागे कोणी नाही. त्याला थांबवू का?
— एक आई, कळवा

उत्तर : ताई, तुमची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये राजकीय आशयाच्या गाण्यांवरून मराठी रॅपर तरुणांवर गुन्हे नोंदवले गेले होते आणि त्यांतील एक गुन्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच, अंबरनाथला, नोंदला गेला होता. तरीही मुलाला थांबवू नका. त्याला काही गोष्टी नीट माहीत आहेत की नाहीत, एवढे पाहा.

राज्यघटनेच्या कलम 19(1)(अ) ने बोलण्याचा आणि अभिव्यक्तीचा अधिकार दिला आहे, आणि 19(2) मध्ये त्यावरची वाजवी बंधने सांगितली आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी ही त्यांतली प्रमुख. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यातील कलम 196 समाजगटांत वैर पसरवण्याबद्दल, 352 शांतताभंग व्हावा अशा हेतूने केलेल्या अपमानाबद्दल, 353 लोकांत क्षोभ माजवणाऱ्या विधानांबद्दल आणि 356 बदनामीबद्दल आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर, रस्ता का फुटला, निविदा कोणी मंजूर केली, कचऱ्याची गाडी का येत नाही, असे काम आणि निर्णय यांवर त्याने हवे तेवढे कडक बोलावे. एखाद्या जातीवर, धर्मावर, कोणाच्या घरातल्या बाईवर किंवा पुराव्याविना कोणाच्या चोरीवर बोलू नये. ‘पैसे खाल्ले’ हे दोन शब्द गाण्यात फार सहज येतात आणि न्यायालयात फार अवघड होतात.

पोलिसांनी बोलावले तर घाबरून पळू नये आणि फोनवरच्या बोलण्यावरून व्हिडिओ काढून टाकण्याची घाईही करू नये. लेखी नोटीस मागावी, वकिलासोबत जावे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना तेथे मोफत वकील मिळण्याची तरतूद 1987 च्या कायद्यातच आहे. चौकात कार्यक्रम करायचा असल्यास पोलिसांची परवानगी काढावी, कारण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालील मनाई आदेश ठाण्यात अधूनमधून लागू असतात. आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये. गाण्यातल्या मजकुरावर राग असलेला माणूस तक्रार आवाजाची करतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याचे आता आश्चर्य वाटत नाही.

एक गोष्ट तुम्हाला बळ देईल म्हणून सांगतो. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये पालघरला, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. त्यातून निघालेल्या याचिकेवर 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरील आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ घटनाबाह्य ठरवले. त्या मुलींच्या घरच्यांनाही त्या रात्री तुमच्यासारखेच वाटले असेल.

प्रश्न : मी वस्तीत पंचवीस वर्षे काम करते आहे. तुमच्या मुलाखतीतल्या मुलाचे गाणे पुष्कळांनी पाहिले, पण नळाची वेळ अजून पहाटे तीनचीच आहे. तक्रार यमकात मांडली म्हणजे काम झाले का? मोर्चाला हीच मुले येत नाहीत.
— सामाजिक कार्यकर्ती, वागळे इस्टेट परिसर

उत्तर : नाही झाले. आणि या महिन्यातले हेच पत्र मला सर्वांत जास्त खटकले, कारण मुलाखत घेताना हा प्रश्न मीच विचारायला हवा होता.

गाण्याने प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्यांना आरेचे उदाहरण आठवावे लागेल. गाणे झाले, लोक गोळा झाले, आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्रीपासून दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. याउलट, गाण्यामुळे काम झाले म्हणून तमिळनाडूतील कोडाईकनालचा दाखला दिला जातो. तेथील थर्मामीटरच्या कारखान्यातील पाऱ्याच्या प्रदूषणावर सोफिया अश्रफ या रॅपर तरुणीने 2015 मध्ये गाणे केले, ते जगभर पोहोचले, आणि 2016 च्या मार्चमध्ये 591 माजी कामगारांच्या बाबतीत कंपनीने समझोता केला. ही हकीकत एवढीच सांगितली जाते. वगळले जाते ते हे, की कारखाना 2001 मध्ये बंद झाला होता, तेव्हापासून कामगार आणि त्यांचे सहकारी कागद जमवत, न्यायालयात खेटे घालत, आजारी सोबत्यांच्या याद्या करत लढत होते. पंधरा वर्षांच्या त्या लढाईत गाणे शेवटच्या टप्प्यावर आले आणि बंद दारावर ते जोरात आदळले. दारापर्यंतचा रस्ता मात्र कामगारांनी केला होता.

म्हणून माझी सूचना तुम्हाला आणि त्या तरुणाला, दोघांनाही आहे. त्याने गाणे लिहिण्यापूर्वी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांत उत्तर देण्याचे बंधन. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत असावा लागतो. हे बंधन कार्यकर्त्यांना जाचक वाटते, पण रॅपरला ते ओळखीचे वाटावे, कारण सोळा ओळींच्या कडव्यातही जवळपास तेवढेच शब्द बसतात आणि विषयही एकच चालतो. आपल्या वस्तीला दररोज किती पाणी मंजूर आहे, झडप कोणत्या वेळी उघडली जाते, वेळ कोणत्या आदेशाने ठरली, हे विचारावे. उत्तर आले तर ते गाण्यात येईल आणि त्या ओळीला कोणी खोटे म्हणू शकणार नाही. उत्तर आलेच नाही, तर ‘एकतीसावा दिवस’ हा गाण्याचा विषय होतो. आवक-शिक्का बसत नाही अशी त्याची तक्रार होती. तो असा बसतो.

तुमच्याकडून अपेक्षा अशी की, मोर्चाला येत नाहीत म्हणून या मुलांवर रागावण्याऐवजी त्यांना मोर्चाच्या आधीच्या बैठकीला बोलवा. ध्वनिक्षेपक हाती देण्यासाठी मुळीच नको. सतरंजीवर मागे बसून दोन तास ऐकण्यासाठी बोलवा. जो मुलगा असे बसेल, त्याचे पुढचे गाणे वेगळे निघेल. जो उठून जाईल, त्याच्याविषयी तुमचा अंदाज बरोबर होता, असे समजा.

(नेरूळहून एकाने विचारले आहे की, स्थानिक नेत्याच्या वाढदिवसासाठी पैसे घेऊन रॅप लिहावा काय. लिहावा, पैसे आगाऊ घ्यावेत आणि त्याला चळवळ म्हणू नये. वस्तीच्या प्रश्नावर केलेल्या गाण्याचा ठेका त्यासाठी वापरू नये, एवढे पथ्य पाळावे. त्यांच्यापुढे संगीत कंपनीचा करारही आहे. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हस्तांतरण पाच वर्षांचे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच धरले जाते. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ असे शब्द दिसले, तर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे.)

प्रश्न : मी अकरावीत आहे. कॉलेजला लोकलने जाते. आमच्याकडे मुले पुलाखाली गोल करून रॅप करतात, पण माझी पाळी आली की टाळ्या वाजवून विषय बदलतात. घरी हे माहीत नाही. सोबत आठ ओळी पाठवत आहे. मी लिहू का?
— विद्यार्थिनी, मुंब्रा

उत्तर : तू लिहितेच आहेस, त्यामुळे शेवटचा प्रश्न उरत नाही.

त्या गोलाला ‘सायफर’ म्हणतात, आणि त्याचा मूळ नियम असा की आत आलेल्या प्रत्येकाला वेळ मिळाला पाहिजे. नियम मोडणाऱ्यांचे मन वळवण्यात वर्ष घालवू नकोस. तीन मैत्रिणी पुरेशा आहेत. जागा पुलाखालीच हवी असे नाही, वाचनालयाचा व्हरांडा चालतो, कोणाच्या तरी गच्चीवरची दुपार चालते. घरच्यांना लगेच सगळे सांगण्याचा आग्रह मी धरणार नाही, पण घरातल्या एका मोठ्या माणसाला, जिच्यावर वा ज्याच्यावर तुझा विश्वास आहे त्याला, कोठे आणि किती वाजेपर्यंत असतेस ते माहीत असू दे.

पहाटे दळताना जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायकांनाही कोणी व्यासपीठ दिले नव्हते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. सासर, नवरा, भाऊ, पाऊस, बाबासाहेब, सारे त्यांत आहे. त्यांतल्या काही ओव्या आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. ऐक, आणि बाई कोणाला उद्देशून बोलते तेवढेच लक्षात घे. ती बहुतेक वेळा शेजारच्या बाईशी बोलते, त्यामुळे तिला ओरडावे लागत नाही.

तुझ्या आठ ओळी वाचल्या. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकणारे प्रवासी गाडीतून पडले आणि काहींचा जीव गेला, त्याविषयी त्या आहेत. दप्तराचा पट्टा दाराच्या दांडीला अडकल्याची ओळ मी दोनदा वाचली, ती बदलू नकोस. ‘सरकार झोपले’ ही ओळ काढ, ती यापूर्वी हजारांनी लिहिली आहे. आणि तिसऱ्या ओळीत गाडी ‘सातची’ आहे, सातव्या ओळीत तीच गाडी ‘साडेआठची’ झाली आहे. तू रोज कोणती पकडतेस ते आठव आणि वेळ दुरुस्त करून पुन्हा पाठव.